मोहाच्या पाकातली कोंबडी

चोरखमारा, ता. तिरोडा
मंडईचा दुसरा दिवस

प्रिय ताई,


मंडईच्या जत्रेला आलेले पाहुणे आज सकाळी परतले. नाटक पाहून सगळे पहाटे घरी आले होते, पण निघताना तोंडी विषय एकच, कोंबडीचा. फोनवर तो पुरा सांगून झाला नसता.

टूम मामांच्या धाकट्याची. नागपूरच्या वसतिगृहात त्यानं मोबाईलवर पाहिलं होतं: आख्खी कोंबडी, वरून मधाचा लेप, तांबूस आणि आरशासारखी चकचकीत. घरात ओव्हन नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. आई हसली. "रोडग्याले कोठं लागते ओव्हन?"

भाऊबीजेला त्यानं तिरोड्याहून दोन बॉयलर कोंबड्या आणल्या. दुकानदारानं सवयीनं कातडी सोलून दिली आणि खेळ तिथंच फसला. भाजताना कातडीखालची चरबी वितळून मांसाला ओलं ठेवते, लेपही धरतो तो कातडीलाच. इथं बराचसा मध घसरून पातेल्याच्या बुडाशी गेला. त्यात त्यानं तो सुरुवातीलाच चोपडला होता. मधात फळसाखर असते, ती ११० अंशांच्या आसपासच करपू लागते. साध्या साखरेला त्यासाठी १६०च्या घरात जावं लागतं. निखाऱ्याची आच दोघींच्याही वर. कोंबडी बाहेरून कोळसा, मांडीपाशी गुलाबी.

मंडईला आईनं सूत्रं हाती घेतली. घरचीच गावरान. पिसं उपटून जाळावर भुजली, हळद चोळली. गावाकडं कातडी काढतच नाहीत, हे त्या पोराला तेव्हा कळलं. म्हातारी कोंबडी थेट भाजली तर दात दुखतात, म्हणून आधी लसूण-आल्याच्या पाण्यात दीडेक तास मंद शिजवली. मग बाहेर काढून फडक्यानं कोरडी पुसली. ही पायरी पोरगा टाळायला निघाला होता, आणि नेमकी तीच महत्त्वाची. मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये दाखवलं की साखर आणि प्रथिनांचे घटक तापून एकत्र आले की तपकिरी रंग येतो. भाजल्याचा वासही त्यातूनच. ओल्या कातडीवर आधी पाणीच उकळत राहतं, रंग येत नाही.

लेपाला मध नव्हताच. बांधीच्या धुऱ्यावरच्या मोहाची चैतात वाळवलेली फुलं भिजवून, शिजवून, गाळून आईनं काळसर पाक आटवला. त्यात चिंचेचा कोळ, तिखट, मीठ. जाड बुडाच्या गंजात कोंबडी, खाली गोवऱ्यांचे निखारे, झाकणावरही निखारे. पाक लावला तो शेवटच्या पंधरा मिनिटांत, पातळसा, तीनदा. बॉयलर असती तर आत ७४ अंश झालेत का, हे बघावं लागलं असतं. ही तर आधीच शिजलेली.

झाकण निघालं तेव्हा मोहाचा तो ओळखीचा, जरासा बदनाम वास अंगणभर पसरला आणि मामा उगाच खोकले.

पोरांनी तंगड्यांवरून भांडणं केली. आजोबांनी चकाकीकडं पाहिलंही नाही. त्यांना शिजवल्या पाण्याचा रस्सा आणि भातच हवा होता, तो त्यांनी दोनदा घेतला. चिंच किंचित जास्त झाली, असं आईच म्हणते. उरलेला पाक बाटलीत भरून ठेवलाय. पौषात येशील तेव्हा कोंबडी कातडीसकट आण.

तुझा,
धाकटा