कातड्यावरचा माणदेश

म्हशीचं कमावलेलं कातडं अंगणात पसरलं की आधी पाठ दिसते. मणक्याच्या दोन्ही अंगांचा भाग जाड, घट्ट, एकजीव. तिथून पोटाकडे हात नेला की कातडं ढिलं होत जातं. मानेशी वळ्या पडतात, बगलेत तर ते नुसतंच लोंबतं. माणदेशात, सांगोल्याजवळच्या वस्तीवर ज्या आण्णांकडे मी हे चामड्याचं काम शिकतो आहे, ते रापी हातात देण्याआधी कातड्यावर हात फिरवायला लावतात. "तळ पाठीचा घे. पट्टा बी पाठीचाच, आन् मणक्याला धरून उभा काप. आडवा कापलास तर चार दिसात सैल हुतोय."

बकऱ्याचं कातडं वेगळं. केसांची छिद्रं बारीक, ओळीओळीनं आलेली. वहाणेच्या वेणीला तेच लागतं, कारण ते पातळ असूनही चिवट असतं. कुठलंही कातडं बोटावर दुमडून बघायचं. वरचा पापुद्रा सुटून सुरकुत्या आल्या, तर ते पट्ट्याच्या कामाचं नाही. मग उलटं करून मांसाकडची बाजू बघायची, कारण सोलताना लागलेले सुरीचे काप तिथं असतात.

पण मला खरी ओढ लागली ती पुढच्या बाजूवरच्या खुणांची. गोचिडीनं धरलेल्या जागी बारके खळगे. तारेच्या कुंपणातून घुसताना निघालेला लांब ओरखडा. पुठ्ठ्यावर जुना डाग, कुणीतरी दुखण्यावर इलाज म्हणून दिलेला. केस असेपर्यंत यातलं फार काही दिसत नाही. चुन्यातून निघून केस उतरले की सगळं वर येतं. २०१९ च्या उन्हाळ्यात या तालुक्यात गावोगाव चारा छावण्या पडल्या होत्या. खंगलेल्या जनावराचं कातडं हाताला लगेच कळतं, असं आण्णा म्हणतात. ते पातळ लागतं आणि त्यात जीव नसतो. पावसाची आकडेवारी तहसीलात असते. इथल्या दुष्काळाचा दुसरा दाखला मी या कातड्यांवर वाचला.

यातले निम्मे ओरखडे बाभळीचे. आणि कातडं टिकतं तेही बाभळीमुळेच. मीठ लावून आलेलं कातडं धुवायचं, चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, केस आणि उरलेलं मांस खरवडून काढायचं. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात त्याला दिवसचे दिवस ठेवायचं. जुन्या रीतीत तर कातडंच शिवून त्याची पिशवी करत, ती टांगत आणि सालीचं पाणी तिच्यातच भरत; पाणी आतून झिरपत बाहेर येई. सालीतला तुरट अंश कातड्याच्या तंतूंना धरून बसतो, म्हणून ते कुजत नाही. क्रोमच्या रसायनात हेच काम फार लवकर उरकतं, पण कापलेली कड बघितली की फरक कळतो: क्रोमचं आत निळसर-करडं, सालीचं थेट गाभ्यापर्यंत तपकिरी. ज्या झाडाच्या काट्यांनी म्हशीला ओरबाडलं त्याच झाडाची साल पुढं तिचं कातडं राखते, याचं मला अजून नवल वाटतं.

२०१९ सालीच कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडानं तशाच वहाणा मांडल्या आणि गदारोळ झाला. तो झाला ते बरंच झालं. पण त्या गदारोळात सोलापूर जिल्ह्याचं नाव क्वचितच आलं, आणि कातडं कमावणाऱ्याचं तर नाहीच. मालही आता मोजकाच मिळतो. गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूही तिच्यात आले. आमच्यासमोर येतं ते बहुतेक म्हशीचं आणि बकऱ्याचं.

मला ही कला हौसेनं मिळाली. आण्णांच्या घराला ती जन्मानं चिकटवलेली होती. मेलेलं जनावर ओढायचं महारांनी, कातडं कमवायचं ढोरांनी, शिवायचं चांभारांनी, आणि घालून मिरवायचं बाकीच्या गावानं. वहाण घरात गेली, ती करणारा उंबऱ्याबाहेर राहिला. मेलेली ढोरं ओढणं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं, त्याला कारण होतं. आण्णांची मुलं शहरात नोकरीला गेली. कला टिकावी म्हणून त्यांनी परत यावं, असं म्हणायचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. कला टिकायची तर तिला जातीतून सुटूनच टिकावं लागेल.

जातीतून सुटायची धडपड जुनीच आहे. मंगळवेढं इथून जवळ. बसवेश्वरांच्या आयुष्यातला काही काळ तिथं गेला. त्यांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, कक्कय्या ढोर होते, हरळय्या चांभार. हरळय्या आणि त्यांच्या पत्नीनं आपल्याच मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवेश्वरांना दिल्या, अशी कथा आहे. कथा थोरच, पण मला तिच्या पुढचं जास्त अस्वस्थ करतं. हरळय्यांच्या मुलाचं ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी लग्न ठरलं, आणि १२ व्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणात त्यापायी दोन्ही बापांना जीव गमवावा लागला. आण्णांच्या भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर आहे. हरळय्यांची गोष्ट त्यांनी ऐकलेली नव्हती. मी सांगितली तेव्हा ते आरी थांबवून ऐकत राहिले.

शेवटच्या हाताला घाई चालत नाही. पट्ट्याची कड रापीनं तासायची, ओली करायची आणि गुळगुळीत लाकडानं घोटत राहायचं. सुरुवातीला कड केसाळ असते. घोटता घोटता तंतू दबतात, गरम होतात आणि कड काचेसारखी चमकू लागते. मग तेल, तेही बेतानं. सालीचं कातडं तेलानं आणि उन्हानं दिवसागणिक गडद होतं, त्याला वरून रंग लागत नाही. कारखान्यात जाड रंगाचा थर देतात, वर साच्यानं खोटी छिद्रं उठवतात. गोचीड, तार, डाग सगळं पुसलं जातं. गिऱ्हाइकाला तेच आवडतं. माझ्या पहिल्या धड पट्ट्यावर, बक्कलापासून वीतभर अंतरावर, काट्याचा ओरखडा आहे. कातडं वाया न घालवता तो टाळता आला असता. मी मुद्दाम तो समोर येईल असं कापलं, आणि आण्णांनी एकदा पट्ट्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि "ऱ्हाऊ दे" म्हणाले.

सगळीकडे मात्र ओरखडा ठेवून चालत नाही. सध्या हलगी मढवायला शिकतो आहे. हलगीला बकऱ्याचं कातडं, न कमावलेलं. ओलं असताना ताणून चढवायचं. वाजवण्याआधी जाळावर शेकलं की आवाज चढतो. त्या ताणाला ओरखडा टिकत नाही, फाटतं ते तिथूनच. म्हणून कातडं उजेडासमोर धरून बघायचं. पातळ जागा उजळ दिसते, सुरीचा काप रेघेसारखा. परवा रविवारच्या बाजारातून येताना आणलेल्यांत एक असं रेघेचं निघालं. ते कमवायला ठेवलं आहे; रेघ सोडून त्याच्या वेण्या निघतील, आणि हलगीसाठी येत्या रविवारी पुन्हा बघायचं आहे.