एक संगणक, दोन बोगदे

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या कित्येक पिढ्यांना पारसिकच्या बोगद्यातला अंधार परिचित आहे. १९१६ साली खुल्या झालेल्या या बोगद्यात गाडी शिरली की पलीकडे निघेपर्यंत ती बाहेरच्या कोणास दिसत नाही. ‘व्हीपीएन’ ही संगणकीय व्यवस्था अशीच आहे. इंटरनेटच्या सार्वजनिक रस्त्यावरून कार्यालयाची माहिती सांकेतिक रूपात, बंदिस्त वाटेने नेणे हे तिचे काम. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकल थांबल्या, डोंबिवलीतल्या दिवाणखान्यांची कार्यालये झाली, आणि हा शब्द सासूबाईंच्याही तोंडी बसला.

डोंबिवली पूर्वेच्या एका घरातील सून ठाण्यातील एका आस्थापनेत हिशेबाचे काम करी. ग्राहक परदेशातला. आस्थापनेचा व्हीपीएन एक, ग्राहकाचा दुसरा. आधारपत्रके पहिल्याच्या पलीकडे, तर खतावणी दुसऱ्याच्या. ठाण्यास तिच्यापुढे दोन संगणक असत. घरी आला तो एकच. मार्च २०२१ च्या अखेरीस ताळेबंद ऐन रंगात आला असता दुसरा व्हीपीएन जोडताच पहिला तुटू लागला. कधी दोन्हींचे हिरवे दिवे लागत, पण एकही पान उघडत नसे. घरच्यांनी दोष केबलवाल्याला दिला. तो बिचारा दोनदा येऊन गेला. त्याच वेळी आतल्या खोलीत मुलाचा वर्ग मोबाइलवर सुरळीत चालला होता, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

ते गेले कल्याणच्या चुलत दिराचे. जोडण्यांचे काम हा त्याचा व्यवसाय. फोनवर त्याने समजावले ते असे : संगणकाजवळ मार्गांची एक सारणी असते. ठरावीक पत्त्यांसाठी तीत ठरावीक वाटा असतात आणि ‘बाकी सर्व’ यासाठी एक ओळ. कडक शिस्तीचा व्हीपीएन सुरू होताच ही ओळ आपल्याकडे वळवतो. दुसराही तेच करतो. पहिला पहाऱ्यावर असतो. बदल दिसताच तो ओळ पूर्ववत करतो, नाही तर जोडणीच तोडतो. शिवाय १९९६ मध्ये खासगी जाळ्यांसाठी निश्चित झालेले पत्त्यांचे तीन गट जगात कोणीही वापरावेत असे आहेत. १० या आकड्याने सुरू होणारा गट या दोन्ही कार्यालयांनी घेतला होता. स्टेशन रोड ठाण्यातही आहे, कल्याणातही. पाकिटावर गाव लिहिले नाही तर पोस्टमनने काय करावे?

“मग ती ओळ बदलता नाही का येणार, भावोजी?”

“येते, वहिनी. दोन आज्ञांचे काम आहे. पण यंत्र आस्थापनेचे. मी त्याला हात लावणार नाही, तुम्हीही लावू नका. आज रात्रीच दोन्हीकडे कळवा.”

तिला ते कठोर वाटले. मुदत दुसऱ्या दिवशीची होती आणि उपाय हाताशी होता. परंतु बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या आणि दोन अधिकारी असतात. एकानेच दोन्ही खिशात घातल्या तरी तिजोरी उघडते. तपासनीस मात्र त्यास सोय म्हणत नाही. ती ओळ म्हणजे दोन्ही पेढ्यांची खबरदारीच होती. रीतसर तोडगे आहेतच. व्यवस्थापकाने वाटा वाटून दिल्या, म्हणजे ग्राहकाचे तेवढे पत्ते ग्राहकाच्या बोगद्याने आणि उरलेले आस्थापनेच्या, तर दोघे एकत्र नांदतात. मात्र पत्तेच सारखे असतील तर ही वाटणीही लंगडी पडते. मग एका संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक उभारून प्रत्येकाला स्वतंत्र घर द्यावे लागते. दोन्हींना परवानगी हवी.

रात्री साडेअकराला तिने दोन पत्रे पाठवली. सकाळी ग्राहकाकडून विचारणा आली, आस्थापनेकडून केवळ पोच. ताळेबंद दोन दिवस उशिरा, ठाण्याच्या एका सहकाऱ्याच्या मदतीने पूर्ण झाला. वार्षिक अहवालात त्या विलंबाचा उल्लेख आला आणि वेतनवाढीत तो दिसलाही. पत्राची प्रत तिच्याजवळ होती. तिने ती पुढे केली नाही. हे सोसणे योग्य की अयोग्य, यावर घरात अजून एकमत नाही. नऊ दिवसांनी आस्थापनेने दुसरा लॅपटॉप पाठवला.

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी उघडे असत. ताटे मांडण्याची वेळ झाली की सासूबाई विचारीत, “ठाण्याचा आधी उचलू, की परदेशचा?”