पावसाच्या पाण्यावरचे रोप

आमच्या गच्चीवर तुळस आहे, मोगरा आहे, कढीलिंबाचे एक हट्टी झाड आहे. त्यांना तुम्ही काय खायला घालता, असे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेले नाही. रांगेच्या शेवटी मात्र पाण्याच्या उथळ थाळीत एक छोटी कुंडी उभी असते. तिच्यातले तळहाताएवढे रोप पाहिले, की प्रत्येकाच्या तोंडून हाच प्रश्न निघतो. ते रोप व्हीनस फ्लायट्रॅपचे आहे. कीटक पकडणाऱ्या वनस्पतींमध्ये ही सर्वांत प्रसिद्ध. ‘‘मुद्दाम असे काही घालत नाही,’’ हे माझे उत्तर ऐकून पाहुणा हिरमुसतो. रोज सकाळी मी माशा पकडून या रोपाला भरवत असेन, अशी त्याची कल्पना असते.

खरे पाहता या रोपाचे जेवण इतर झाडांसारखेच आहे. ऊन, हवा आणि पाणी यांच्या साहाय्याने ते आपल्या हिरव्या पानांत अन्न तयार करते. माशी हे त्याचे अन्न नव्हे. माशी हे त्याचे खत आहे. मोगऱ्याला मी शेणखत घालतो आणि ते मुळांवाटे वर चढते. या रोपाने तेच काम पानांकडे सोपवले आहे. एवढे ध्यानात आले, की त्याची निगा कशी राखावी, या प्रश्नाची निम्मी उत्तरे आपोआप मिळतात.

अशी सोय त्याला का करावी लागली, हे त्याचे माहेर पाहिल्यावर कळते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलायना आणि साउथ कॅरोलायना ही दोन राज्ये आहेत. तेथील विल्मिंग्टन शहराभोवतीच्या शे-दीडशे किलोमीटरच्या टापूतच ही वनस्पती निसर्गतः उगवते. उंच पाइन वृक्षांच्या विरळ वनातली ती जमीन वाळूची, आम्लधर्मी आणि सदैव ओलसर असते. नत्र व स्फुरद तिच्यात फार थोडे. मधूनमधून वणवे लागतात, झुडपे जळून जातात आणि जमिनीलगत वाढणाऱ्या या बुटक्या रोपाला मोकळे ऊन मिळते. निकस जमिनीवरची हीच युक्ती आपल्या देशातही पाहायला मिळते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर, कातळावरच्या पातळ मातीत, पावसाळ्यात दवबिंदू ही वनस्पती चिकट थेंबांनी कीटक धरते. तिच्या शेजारीच ‘सीतेची आसवे’ ही निळी-जांभळी फुले डोलत असतात आणि त्यांच्या सूक्ष्म पिशव्या ओल्या मातीतले जीव आत ओढून घेत असतात. मेघालयाच्या डोंगरांत घटपर्णी आहे. या सर्वांची शिकार निकडीतून आलेली आहे. तिच्यात क्रौर्य शोधणे मला पटत नाही.

नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्ज यांनी १७५९ साली लंडनमधील आपले वनस्पतिप्रेमी मित्र पीटर कॉलिन्सन यांना या रोपाची बातमी पत्राने कळवली. पुढे १७६८ मध्ये जॉन एलिस यांनी त्याला ‘डायोनिया म्युसिप्युला’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा लॅटिनमधला अर्थ ‘उंदरांचा सापळा’ असा होतो. आमच्या रोपाने उंदीर धरल्याचे अजून तरी ऐकिवात नाही.

त्याचा सापळा म्हणजे पानाचे टोक. शिंपल्याप्रमाणे दोन पाळ्या, कडेला बोटे गुंफावीत तसे दाते आणि आतल्या बाजूला प्रत्येक पाळीवर बहुधा तीन बारीक केस. गोड स्रावाला भुलून कीटक आत येतो आणि त्याचा पाय एखाद्या केसाला लागतो. तेवढ्याने काहीच घडत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत पुन्हा स्पर्श झाला, तरच पाळ्या मिटतात. आणि मिटतात त्या सेकंदाच्या दहाव्या भागात. पत्र्याचे फुगीर झाकण अंगठ्याने दाबले, की ते टक्कन आत वळते. या पाळ्यांचेही काहीसे तसेच होते. वाऱ्याने उडून आलेली काडी किंवा पावसाचा एखादा थेंब यांसाठी शक्ती वाया जाऊ नये, म्हणून हा दुसऱ्या स्पर्शाचा नियम. सापळा मिटल्यावरही हिशेब संपत नाही. आतला जीव धडपडत राहिला, केसांना आणखी स्पर्श होत गेले, तरच पाळ्या घट्ट बंद होतात आणि पाचकरस झरू लागतो. स्पर्शांची ही मोजदाद पाचापर्यंत चालते, असे जर्मनीतील वुर्झबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. मेंदू नसलेले हे पान दोन आणि पाच यांतला फरक जाणते!

स्पर्श होताच पानातून विजेचा एक सूक्ष्म संकेत धावतो. जॉन बर्डन सँडरसन या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १८७३ साली मोजला होता. पुढे १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जगदीशचंद्र बोस यांनी, साध्या वनस्पतीही असा विद्युत प्रतिसाद देतात, असे प्रतिपादन केले. तेव्हा त्यांना विरोध करणाऱ्यांत हेच सँडरसन होते. ज्याला एका झाडातली वीज दिसली, त्याला ती इतर झाडांत मानवेना, याचे मला नवल वाटत आले आहे.

शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा खराट्याचा हीर घेऊन या रोपापाशी येऊन बसत असे. सापळा मिटताना पाहण्याचा मोह मोठ्यांना आवरत नाही, तर त्याला कसा आवरावा? परंतु रिकामा मिटलेला सापळा पुन्हा उघडायला जवळजवळ एक दिवस जातो आणि प्रत्येक सापळ्याच्या वाट्याला अशा मोजक्याच हालचाली असतात. त्या संपल्या, की तो काळा पडून गळतो. मी त्याला रागावलो नाही. दोन स्पर्शांमध्ये तीस आकडे मोजून पाहा, एवढेच सांगितले. त्याने डोळे बारीक करून तीस मोजले, दुसऱ्यांदा हीर लावला आणि सापळा उघडाच राहिला. ‘‘काका, हा विसरला!’’ तो ओरडला. त्यानंतर हीर बाजूला पडला आणि सापळ्यात कोण येते, याची वाट पाहण्याचा नाद त्याला लागला.

या रोपाचा जीव खरा पाण्यात अडकलेला आहे. त्याची मुळे क्षारांना सरावलेली नाहीत. क्षार साठत गेले, की रोप हळूहळू खचते. पाण्यातील विरघळलेले क्षार दर लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आत असावेत. ते मोजणारे पेनासारखे एक स्वस्त यंत्र मिळते. आमच्या इंदूरच्या घरातील नळाच्या पाण्यात ते बुडवले, तेव्हा आकडा तीनशेच्या पुढे गेला. आई शेजारीच उभी होती. ‘‘नर्मदामाईचं पाणी चालत नाही म्हणजे काय रे?’’ असे तिने विचारले. तिचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या नदीची लोक अनवाणी परिक्रमा करतात, तिचे पाणी या परदेशी रोपाला वर्ज्य असावे, हे पचायला अवघडच. मी म्हणालो, ‘‘माईचं पाणी डोंगरदगडांचं सत्त्व घेऊन येतं. आपल्याला ते सोसतं, याला नाही.’’ आता जून ते सप्टेंबर आम्ही गच्चीवर स्वच्छ पातेली मांडून पाऊस धरतो आणि वीस लिटरच्या तीन कॅनमध्ये भरून ठेवतो. झाकणे घट्ट लावावी लागतात, नाहीतर डासांची पैदास होते. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून येणारे पाणीही आकडा पन्नासच्या आत असल्यास चालते. चवीसाठी पुन्हा क्षार मिसळणारे यंत्र मात्र उपयोगाचे नाही.

आईचा दुसरा आक्षेप पाण्याइतक्या सहजतेने सुटणारा नव्हता. ती चातुर्मास पाळते. घरात आलेली गोम सुपलीत घेऊन अंगणात सोडणारी ती बाई. आपल्या हाताने जिवंत जीव धरून झाडाच्या तोंडी देणे तिच्या घरात होणार नव्हते. तसे तिने स्पष्ट सांगितले. डास मारायची विजेची बॅट याच घरात आहे, हे मी बोलून दाखवले. त्यावर ती म्हणाली, ‘‘डास आपल्याला चावतो. या किड्यानं तुझं काय केलंय?’’ मला उत्तर सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही. शेवटी तिनेच निवाडा केला. जो कीटक आपल्या पायांनी चालत गेला, तो आणि ते रोप आपापले पाहून घेतील. आपण मध्ये पडायचे नाही. योगायोग असा, की फलोद्यानाच्या दृष्टीनेही हा निवाडा बरोबर आहे. उघड्यावर ठेवलेले रोप मुंग्या, कोळी, माशा यांतून आपली गरज भागवून घेते. नुसत्या उन्हावरही ते बराच काळ तग धरते.

पण आई तेवढ्यावर थांबली नाही. पावसाळ्यात आमच्या जिन्यातील दिव्याखाली सकाळी मेलेल्या किड्यांचा सडा पडतो. एके दिवशी ती त्यांतले एक पाखरू कागदावर घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘हे तर गेलेलंच आहे. हे चालेल?’’ चालते, पण त्यातही एक अडचण आहे. मेलेला कीटक आत टाकताना सापळा मिटतो खरा. मात्र आत काहीच हलत नाही, पाचाची मोजदाद पूर्ण होत नाही आणि दुसऱ्या दिवशी सापळा उघडून कीटक होता तसाच पडलेला दिसतो. म्हणून मिटलेल्या पाळ्या बाहेरून दोन बोटांत धरून अर्धा मिनिट अगदी हलक्या हाताने दाबत राहावे लागते. मेलेल्याला जिवंतपणाचे सोंग द्यायचे. हे काम आईने स्वतःकडे घेतले. माझ्यापेक्षा तिची बोटे हलकी आहेत; कित्येक वर्षे तिने फुलवाती वळल्या आहेत. आठवडा-दहा दिवसांनी सापळा उघडला, तेव्हा आत नुसते टरफल आणि दोन पंख उरले होते. आईने ते फुंकर घालून उडवले. महिन्यातून एखाद्या सापळ्याला एक कीटक पुरे होतो आणि तो सापळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नसावा. मोठा असला, की पाळ्यांना फट राहते आणि पान कुजते. काही हौशी लोक मटणाचा तुकडा किंवा पनीर घालून पाहतात. त्याने सापळा सडतो.

बाकीची निगा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. माती नको, पीट मॉस आणि परलाइट किंवा धुतलेली जाड वाळू यांचे मिश्रण हवे. थाळीत बोटाच्या पेराएवढे पाणी सतत असावे. ऊन भरपूर द्यावे; आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारपुरते हिरवे जाळीचे कापड बांधावे लागते. खत मुळीच नको. रोप विकणाऱ्या माणसाने दर पंधरा दिवसांनी खताची मात्रा द्यायला सांगितले होते. तो सल्ला मानला असता, तर हा लेख लिहायचे कारण उरले नसते. विकत घेताना ते प्रयोगशाळेत वा रोपवाटिकेत वाढवलेले आहे, याची खात्री करावी. त्याच्या माहेरच्या रानातून रोपे चोरली जातात. नॉर्थ कॅरोलायनात २०१४ पासून ही चोरी गंभीर गुन्हा ठरली आहे.

राहिला हिवाळा. या रोपाला वर्षातून सुमारे तीन महिने झोप लागते आणि त्या झोपेला थंडी लागते. ती सलग काही वर्षे मिळाली नाही, तर ते खंगून मरते. इंदूरच्या रात्री डिसेंबरात गार होतात; पण दुपारी ऊन चढते आणि रोपाची झोप मोडते. यावर जाणकारांचा उपाय म्हणजे घरातला फ्रीज. गेल्या डिसेंबरात मी रोप उपटले, वाळलेली पाने काढली, खालचा पांढरा कंद धुतला, ओलसर शेवाळात गुंडाळला आणि पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी ठेवला. तो कंद दिसायला थेट लसणाच्या गड्ड्यासारखा. आईने पिशवीवर जाड अक्षरांत ‘फोडणीत घालू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली.

दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून पाहायची असते. जानेवारीच्या मध्याला एका देठावर करडी बुरशी दिसली. देठ कापला, शेवाळ बदलले, पिशवी पुन्हा आत गेली. कंद टणक होता, पण त्यात जीव आहे की नाही, हे वरून सांगता येत नव्हते. आई रोज दूध काढताना पिशवीकडे पाही आणि काही न बोलता दार लावी. शिवरात्रीनंतर आम्ही तो कंद पुन्हा कुंडीत लावला, थाळीत शेवटच्या कॅनमधले पाणी ओतले. बारा दिवस काहीच हालचाल नव्हती. तेराव्या दिवशी सकाळी शेजारचा मुलगा कुंडीपाशी ओणवा झालेला दिसला. मधोमध एक फिकट हिरवा कोंब गोगलगाईच्या शिंगासारखा वर आला होता. त्याच्या टोकाशी मिटलेल्या दोन पाळ्या होत्या. दाते अजून आत दुमडलेले होते. मुलाने हात पाठीमागे बांधले होते. ‘‘काका, हा उघडायला किती दिवस घेईल?’’ त्याने विचारले. मी दोन आठवडे म्हणालो. आईने मात्र कॅन हलवून पाहिला आणि पाऊस यायला अजून किती महिने आहेत, ते बोटांवर मोजू लागली.