खरेदीखतातली ओळ

शेजारच्या आजींना मी आजी म्हणते ते मनातल्या मनात. समोर नावानंच हाक मारावी लागते, आणि मिनियापोलिसमध्ये पंधरा वर्षं काढूनही वयानं आईएवढ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारताना माझी जीभ अडखळते. त्या निवृत्त शिक्षिका, गोऱ्या, टोमॅटो फार छान लावतात. गेली काही वर्षं त्यांना एक नाद लागलाय, जुनी खरेदीखतं वाचायचा.

मिनेसोटा विद्यापीठात 2016 साली 'मॅपिंग प्रेज्युडिस' नावाचा प्रकल्प सुरू झाला. जुन्या खतांमधून एक ठराविक अट हुडकायची आणि ते घर नकाशावर टिपायचं, असं ते काम. अट अशी की ही जागा काळ्या किंवा चिनी, जपानी वंशाच्या माणसाला विकायची नाही, भाड्यानंही द्यायची नाही. शहरातली अशी पहिली नोंद 1910 ची. पुढे बिल्डर ती सर्रास घालू लागले. सर्वोच्च न्यायालयानं 1948 मध्ये सांगितलं की असल्या अटींची अंमलबजावणी कोर्टांनी करायची नाही, आणि 1968 च्या कायद्यानं त्या बेकायदाच ठरल्या. कागदावर मात्र त्या तशाच बसून राहिल्या. हजारोंनी सापडल्या. वाचायला स्वयंसेवक हवे होते, आजी गेल्या. आणि एका संध्याकाळी त्यांच्यापुढे त्यांच्या माहेरच्याच घराचं खत आलं.

वडील दुसऱ्या महायुद्धातून परतलेले, कारखान्यात यंत्रावर उभे राहणारे. घर घेतलं ते सरकारी हमीच्या कर्जावर. परतलेल्या सगळ्याच सैनिकांना ही सवलत होती, कागदोपत्री. काळ्या सैनिकाला बँकेनं बहुधा दारातूनच परतवून लावलं असतं, आणि कर्ज मिळालं असतं तरी त्यानं घर घ्यायचं कुठं? ती ओळ वडिलांनी लिहिली नव्हती. वाचलीही नसावी. आपण तरी गृहकर्जाच्या गठ्ठ्यावर सह्या करताना काय वाचतो?

आई गेल्यावर ते घर विकलं आणि पैसे बहीणभावांत वाटले. आजींनी आपल्या वाट्यातला चौथा हिस्सा काळ्या कुटुंबांना पहिलं घर घ्यायला मदत करणाऱ्या एका संस्थेला दिला. भावाला कळलं तेव्हा त्यानं फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे आपले बाबा चोर होते?"

"नाही," आजी म्हणाल्या. "बाबांनी मरमर कष्ट केले. शेजारच्या यंत्रावरच्या माणसानंही केले. त्याच्या मुलांना वाटून घ्यायला घर नव्हतं, एवढंच."

भाऊ वर्षभर बोलला नाही.

वर्णद्वेष म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे जमाव यायचा. तसा जमाव इथं झालाही होता. 1931 च्या उन्हाळ्यात आर्थर आणि एडिथ ली या काळ्या जोडप्यानं कोलंबस ॲव्हेन्यूवर घर घेतलं, तर हजारो गोरे लोक रात्रीमागून रात्री त्या घराभोवती गोळा होत. आर्थर पहिल्या महायुद्धात लढलेला, टपाल खात्यात नोकरीला. लीना ऑलिव्ह स्मिथ या वकीलबाई त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, तरी दोनेक वर्षांत त्यांनी ते घर सोडलं. आजींचे वडील असल्या जमावात कधीच गेले नसते. पण त्यांना जायची गरजच नव्हती. जमावाचं काम कागद बिनबोभाट करत होता. सज्जन माणसाला सज्जन राहू देणारी ही सोय भारी आहे. पुढच्या पिढीला काही आठवावंच लागत नाही.

ली जोडप्याच्या त्या घरापासून आठ गल्ल्या उत्तरेला, 2020 मध्ये, जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात अंगणोअंगणी निषेधाचे फलक लागले. मला त्या फलकांबद्दल थोडा आकस आहे, कबूल करते. कारण त्याआधी दोनच वर्षं याच शहरात वेगळे फलक लागले होते. एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर हा नियम बदलून तिघांची घरं बांधू द्यावीत असा प्रस्ताव होता, आणि आमची वस्ती बुलडोझरखाली घालू नका म्हणून लोक कळवळून सांगत होते. वस्तीत कोण येईल हे कुणी बोललं नाही. पार्किंगबद्दल मात्र खूप बोललं गेलं. आजी सुनावणीला गेल्या, प्रस्तावाच्या बाजूनं बोलल्या, आणि समोरच्या घरातल्यांनी त्यांना हात करणं बंद केलं. नगर परिषदेनं डिसेंबर 2018 मध्ये तो आराखडा 12 विरुद्ध 1 मतानं मंजूर केला. मी गेले नव्हते. मलाही पार्किंगची काळजी वाटत होती.

आजी काही संत नाहीत. फ्लॉइड गेला त्या आठवड्यात आमच्या काळ्या पोस्टमनला गाठून त्या रडल्या. "बिचाऱ्यानं पत्रं खाली ठेवली आणि मलाच धीर दिला," हे त्यांनी स्वतःच सांगितलं, लाजून. "त्याची फेरी उशिरा झाली. माझं मन हलकं करायचं काम त्याचं नव्हतं." त्यानंतर त्या रडायचं झालं तर भावाकडे रडतात. हो, आता तो बोलतो. दर रविवारी भांडतात.

मागच्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, "तुमचं खत पाहिलंत?" पाहिलं. होती ओळ. जागा फक्त कॉकेशियन वंशाच्या माणसांसाठी. मी यात बसते का, असा प्रश्न मला पडला, आणि भगतसिंग थिंद आठवला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या या माणसानं नागरिकत्वासाठी कोर्टात सांगितलं होतं की मी उच्च जातीचा आर्य, म्हणजे गोराच. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नाकारलं. गोऱ्यांच्या पंगतीत पान मिळावं म्हणून आपला माणूस जातीचा दाखला घेऊन गेला होता! हे मी आजींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

इथं 2019 पासून तशी अट रद्द करायला एक फॉर्म मिळतो. तो जुनी ओळ खोडत नाही; ही अट आम्हाला अमान्य आहे असा नवा कागद तिच्याशेजारी जाऊन बसतो. "तुम्हीच भरा ना, तुम्हाला सवय आहे," मी म्हटलं.

"घर तुमचं आहे," त्या म्हणाल्या, आणि टोमॅटोंची पिशवी ठेवून गेल्या.

फॉर्म दोन आठवडे फ्रिजवर अष्टविनायकाच्या चुंबकाखाली होता. नोटरीकडे जायला वेळ होत नाही, असं मी नवऱ्याला सांगत होते.