आठ पाउंडांची गोष्ट

आमच्या भाच्याने जुन्या गाडीच्या इंजिनाला टर्बो बसवायचं काढलं आहे. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या जळक्या धुरावर पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबायची. टाकाऊतून टिकाऊ, हा खरं तर आमच्या सौभाग्यवतीचा प्रांत.

"मामा, आठच पाउंड प्रेशर! टायरात आपण तीस भरतो."

मी पडलो कॉमर्सवाला, पण हा हिशेब मलाही खटकला. बाहेरची हवाच मुळी १४.७ पाउंडांची. वर आणखी ८, म्हणजे इंजिनाला रोज दीडपट जेवण! टायर बिचारा हवा धरून बसतो; इंजिन ती आणखी नऊ-दहा पट दाबून पेटवतं. हवा फार तापली की पेट्रोल ठिणगीचा हुकूम न मानता आपल्या मर्जीने भडकतं, इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनचे तुकडे होतात.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर निघाली. कंपनीने दिलेले पाउंड अवघे ५. तरी ठोके पडू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉलची निराळी टाकी. आणि लोक नेमकी तीच भरायला विसरत.

मेकॅनिकचं म्हणणं, पिस्टन मूळचे असतील तर हवा गार करणारा इंटरकूलर लावून सहा-सातवर थांबा. मंजूर मर्यादा म्हणतात ती हीच. पण भाच्याला आता फोर्ज केलेले पिस्टन हवेत. "मग बारासुद्धा चालतील, मामा!"

पिस्टनसाठी कर्जाचा अर्ज आणलाय. जामीनदाराच्या रकान्यात माझं नाव आहे. तूर्त पेन्सिलीने.