बासष्ट की सव्वीस?

अकोल्यातल्या वर्गात बाई एका दमात सांगतात, "वही काढा, तारीख टाका, पान बारा उघडा, तिसरं गणित सोडवा." एक पोट्टं तारीख टाकतं आणि शेजारच्या वहीत डोकावतं. लगेच बोलणी खातं, "ध्यान कुठी हाय तुयं?"

ध्यान असतंच! काम करताना माहिती क्षणभर धरून ठेवणारी कार्यकारी स्मृती मुळातच तोकडी; काही मुलांची अधिकच.

मराठी संख्यानावंही तिच्यावर ताण टाकतात: 'बासष्ट' ऐकताना आधी दोन, मग साठ, लिहिताना उलट. घोटाळा होऊन वहीत २६ उमटतात. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन' हाही पर्याय दिला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणितज्ञ मंगला नारळीकर मात्र मुलांच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या.

स्मृतीवरचा हा भार हलका व्हावा म्हणून अमरावतीच्या एक शिक्षिका आता एकेकच सूचना देतात, उरलेल्या फळ्यावर राहू देतात. पाढ्यांचा तक्ताही बाकावर असतो.