पातेल्याचा तळ

माझ्या आजोळी, वाईजवळच्या खेड्यात, अंधार दाट व्हायच्या आत माणसं जेवून उठत. आरोग्याचा विचार त्यात कुणी केलेला नव्हता. रॉकेल रेशनवर मिळे आणि पहाटे गुरांचं करायला उठावं लागे, एवढंच. आजी मात्र सगळ्यांच्या मागून जेवायची.

लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि रात्रीचं जेवण लोकलच्या हवाली झालं. ह्यांची गाडी मुंब्र्याला रखडली की कुकर थंड. ‘तो आल्याशिवाय कसं जेवायचं?’ असं सासूबाई म्हणायच्या. म्हणजे थांबायचं मी, त्यांनी नव्हे. पुढे मुलांचे क्लास आले, मालिका आल्या आणि पानं घ्यायला दहा वाजू लागले. सगळे उठल्यावर पातेल्यात मूठभर भात, आमटीचा तळ, डब्यात अर्धी पोळी उरायची. टाकवत नाही म्हणून ते माझ्या ताटात. मग ओटा पुसायचा आणि आडवं व्हायचं. बायकांना मधुमेह निघाला की सगळे गोडाचं विचारतात. या पातेल्याच्या तळाचं कुणी विचारत नाही.

पन्नाशीनंतर मला साखर निघाली. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त आकडा दोनदा आला, की मधुमेह ठरतो. तेव्हापासून सकाळी आधी बोटाला सुई, मग चहा. आकडा चढला की घरात चौकशी सुरू: ‘काल रात्री काय खाल्लंस?’

संशय अगदीच खोटा नव्हता. रात्री शरीर इन्सुलिनला दुपारइतकी दाद देत नाही. झोपेच्या वेळी मेलाटोनिन वाढतं, तेव्हा स्वादुपिंडही सुस्तावतं. दुपारी पचून जाणारा भात रात्री दहाला साखर चढवतो. तेलकट असेल तर ती उशिरा चढते आणि रेंगाळते. मी साडेसातला जेवू लागले. जेवणानंतर सोसायटीतच फेऱ्या मारते. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी पडते. ज्यांना साखर नाही त्यांनी तो खावा.

तरी काही सकाळी आकडा चढाच. रात्री फक्त मुगाचं धिरडं आणि भाजी खाऊनसुद्धा! हा उद्योग यकृताचा. आपण झोपलेलो असताना ते साठवलेली साखर रक्तात सोडत असतं. पहाटे कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक जोर धरतात, तशी ती आणखी सुटते. निरोगी शरीर लगेच इन्सुलिन सोडून तिला आवरतं, आमचं कमी पडतं. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृताच्या याच सढळ हाताला लगाम घालते.

आमच्या भजनी मंडळात काही जणी ‘मी रात्री जेवतच नाही’ असं एकादशीच्या अभिमानाने सांगतात. मला हे पटत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना मनानेच जेवण टाळलं, तर मध्यरात्री साखर धोकादायक खाली येऊ शकते. घाम फुटतो, छाती धडधडते.

त्यापेक्षा काही रात्री निजताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर साखर मोजून लिहून ठेवा. निजतानाच जास्त असेल तर जेवणाकडे बघायचं. तीनला ठीक आणि सकाळी जास्त, तर तो पहाटेचा खेळ. तीनला कमी असेल तर औषधाचा डोस तपासायला हवा. तो कागद डॉक्टरांना दाखवा, गोळी मनाने बदलू नका. आणि घरातल्या बाईचं पान सगळ्यांच्या बरोबरीने वाढा, तेही लवकर.